मारुती ८००चे हेड : घरी केलेले काम आणि त्यामागचे कारण

खानदेशातला उन्हाळा गाडीच्या इंजिनाची पुरती परीक्षा घेतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की रेडिएटरने पाण्यातली उष्णता टाकायची तरी कुठे, असा प्रश्न पडावा. अशा हवेत ज्या गाडीची पाण्याची व्यवस्था थोडी जरी दुबळी झाली असेल, तिचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे आणि व्हॉल्व्ह धरणारे इंजिनाचे झाकण, आज ना उद्या उघडावे लागते. माझी १९९७ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० याच वाटेने गेली. तिच्या सिलिंडर हेडचे आणि व्हॉल्व्हचे काम मी अमळनेरला घरच्या पत्र्याच्या शेडखाली केले आणि जे घरी होण्यासारखे नव्हते तेवढेच जळगावच्या मशीन शॉपमधून करून आणले. त्याची हकिगत सविस्तर लिहीत आहे, कारण हेड उतरवणे आणि चढवणे हे धीराने करणाऱ्याला जमण्यासारखे काम आहे. परंतु ते कशामुळे उघडावे लागले याचा शोध न घेता हेडखाली नुसते नवे पॅकिंग (गॅस्केट) टाकून बंद केले, तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम पुन्हा करावे लागते.

गाडी मी जुनी विकत घेतलेली. तक्रारीची सुरुवात चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट चढताना झाली. काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर आले. त्यानंतर सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिन एका सिलिंडरवर अडखळू लागले, सायलेन्सरमधून पांढरा, दमट धूर येऊ लागला, आणि कुठेही गळती दिसत नसताना रेडिएटरमधले पाणी मात्र कमी होऊ लागले. ऑइलमध्ये पाणी उतरले तर ते दुधाळ होते. तसे काही झाले नव्हते. ऑइल मोजायच्या काडीवरचे ऑइल स्वच्छ होते आणि त्याची पातळीही उतरत नव्हती.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा कुठलेही मोजमाप न करता ‘हाफ इंजिन करावे लागेल’ असे सांगण्यात आले. हाफ इंजिन म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे असा सगळा पसारा. माझ्या मनाला ते पटले नाही. रिंगा गेलेले इंजिन ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. हे इंजिन पाणी खात होते. दोष वरच्या भागात आहे की खालच्या, हे आधी ठरवावे आणि मगच पाना हातात घ्यावा, असे मी ठरवले.

त्यासाठी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते दाखवणारे मीटर, मिळवला. इंजिन गरम करून तिन्ही स्पार्क प्लग काढले, कॉइलची मुख्य वायर सुटी केली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला मुलाला बसवले आणि प्रत्येक सिलिंडरचे माप घेतले. पहिल्याचे माप १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आले, दुसऱ्याचे साडेसात आणि तिसऱ्याचे जेमतेम सहा. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल आत सोडून पुन्हा मोजले, तरी दुसऱ्या-तिसऱ्याच्या आकड्यांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलच्या थराने फट भरून आकडा वर गेला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवतात तेव्हा त्या दोघांमधल्या जागेत हेड पॅकिंग जळल्याचा संशय पहिल्यांदा घ्यावा. तिसरा दुसऱ्यापेक्षाही खाली होता, म्हणजे तिथे आणखी काहीतरी होते.

याची खात्री करण्यासाठी एक जुनी, जरा कष्टाची पण अतिशय बोलकी पद्धत आहे. निकामी स्पार्क प्लगमधले चिनी मातीचे नळकांडे फोडून काढायचे आणि उरलेल्या लोखंडी कवचावर ट्यूबच्या व्हॉल्व्हची नळी बसवून घ्यायची. ज्या सिलिंडरची तपासणी करायची त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये टाकून आणि हँडब्रेक ओढून, प्लगच्या जागी हे कवच बसवायचे व त्यातून हवा भरायची. मग फक्त कान लावायचा. दुसऱ्या सिलिंडरमध्ये हवा भरली की तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून स्पष्ट फुसफुस ऐकू येत होती, आणि रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी अधूनमधून बुडबुडा येत होता. तिसऱ्यात हवा भरली तेव्हा मागे सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, तर तिथे वारा लागला. म्हणजे पॅकिंग दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये जळलेले होते आणि तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) नीट बसत नव्हता. ऑइलच्या बाजूला, म्हणजे काडीच्या नळीत, हवेचा जोर लागला नाही. खालचे इंजिन ठीक होते. हाफ इंजिनाची गरज नव्हती, हे एकही बोल्ट न सोडता कळले.

या इंजिनाची थोडी ओळख करून देतो. सुझुकीचे हे एफ८बी इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला दोन असे एकूण सहा व्हॉल्व्ह असलेले आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हेडमध्येच असून तो खालच्या क्रँकशी जोडलेल्या दातेरी पट्ट्यावर फिरतो. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा खालचा भाग, बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. बहुतेक दुखण्यांचे मूळ या जोडीत आहे, कारण तेवढ्याच उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात हा फरक पॅकिंग सांभाळून घेते. परंतु पाणी उकळू लागले की हेड वाढू पाहते, बोल्ट त्याला धरून ठेवतात, आणि शेवटी हेड मधून वाकते. थंड झाल्यावर ते पूर्णपणे सरळ होत नाही आणि पॅकिंगवरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही.

उतरवण्याच्या कामाविषयी फार लिहीत नाही. बॅटरी सोडणे, पाणी काढणे, कार्ब्युरेटरसकट इनटेक मॅनिफोल्ड बाजूला करणे, हे सगळे क्रमाने होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट मात्र गंजून स्टडला धरलेले असतात आणि जोर लावला की स्टडच तुटतो, म्हणून आदल्या रात्रीच त्यांच्यावर डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडून ठेवावे. पट्टा काढण्यापूर्वी कॅमच्या आणि क्रँकच्या पुलीवरच्या खुणा जुळवून घेतल्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी रंगाने रेघ मारली. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, कडेच्या बोल्टपासून मधल्याकडे येत, प्रत्येक वेळी थोडे थोडे सैल करायचे. एकदम एक बोल्ट पूर्ण सोडला तर सरळ असलेले हेडही वाकू शकते. हेड अडकून बसले तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो, पण त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडावर जो ओरखडा पडतो तो पुढे गळतीची वाट होतो. लाकडी हातोड्याने कडेने हलके ठोके दिले की ते सुटते.

हेड उलटे करून बाजेवर अंथरलेल्या गोणपाटावर ठेवले, तेव्हा सगळी हकिगत समोर होती. पॅकिंगवर दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत काळा, जळका माग पडला होता. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन काजळीने काळा होता, तर दुसऱ्याच्या पिस्टनचा एक भाग धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. ज्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते तिथे वाफेने काजळी निघून जाते. पण माझे लक्ष जास्त गेले ते पाण्याच्या भोकांकडे. हेडमधल्या पाण्याच्या वाटांना आतून पिवळट-पांढऱ्या क्षाराचा कवचासारखा थर चढला होता, आणि तिसऱ्या सिलिंडरजवळचे एक भोक तर इतके बुजले होते की त्यात जाड सुईसुद्धा कशीबशी जावी.

हा क्षार आमच्या बोअरच्या पाण्याचा. या भागातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट होऊन ते भांड्याच्या बुडाला बसते. अंघोळीच्या बंबात किंवा गिझरमध्ये जे होते तेच इंजिनात होते, आणि तिथे ते सगळ्यात जास्त तापलेल्या जागी, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, सर्वांत आधी जमते. हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. त्यामुळे काटा मध्यावर असतानाही थराच्या पलीकडचे अ‍ॅल्युमिनियम हवे त्यापेक्षा जास्त तापलेले असते. गाडी माझ्याकडे येण्याआधी तिच्या रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळीने बोअरचे पाणीच भरले जात होते, हे त्या थराच्या जाडीवरून उघड होते.

आता व्हॉल्व्ह. स्प्रिंग दाबण्यासाठी खास हत्यार मिळते. मी मोठ्या सी-क्लॅम्पला लोखंडी पाइपचा तुकडा जोडून घेतला आणि कॉटर, म्हणजे स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणारे दोन छोटे तुकडे, काढण्यापुरती खिडकी त्या पाइपला कापून घेतली. जाड पुठ्ठ्यावर सहा भोके पाडून त्यांना सिलिंडरचे क्रमांक घातले आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग आणि कॉटर जिथले तिथे ठेवले. ही शिस्त फार महत्त्वाची आहे, कारण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (तो मिटताना ज्या कड्यावर टेकतो ती) एकमेकांना घासून जुळलेली असतात व त्यांची अदलाबदल झाली की ती जुळणी वाया जाते. कॅमच्या फिरण्याने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचेही तसेच.

तिसरा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेतला, तेव्हा त्याच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला दिसला आणि त्या खाचेपासून आत एक बारीक चीर गेली होती. हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा माथा चालू इंजिनात ७०० अंशांच्या वर तापतो. त्याची बहुतेक उष्णता तो बंद असताना, सीटला टेकलेला असतानाच्या क्षणभरात, सीटमधून हेडच्या पाण्याकडे जाते. उरलेली दांड्यातून गाईडकडे, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याकडे, जाते. सीटवर व्हॉल्व्ह नीट टेकला नाही, किंवा सीटच्या मागे क्षाराची भिंत असली, की ही वाट बंद होते. माझ्या गाडीत दोन्ही झाले होते. हेड उघडण्यापूर्वी मी टॅपेटचे अंतर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक यांतली फट, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजून ठेवले होते आणि त्या व्हॉल्व्हपाशी ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा शिरत नव्हती. चालता चालता व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा बसत जातो, तसतसे टॅपेटचे अंतर कमी होत जाते. कुणी ते वेळेवर पाहिले नाही तर एक दिवस रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण मिटूच देत नाही आणि फटीतून निसटणारा जाळ कड खाऊन टाकतो. सैल टॅपेट टकटक आवाज करतो म्हणून लोक त्याला घाबरतात. खरे तर मुकाट असलेला घट्ट टॅपेट त्याहून घातक असतो.

हेडला तडा आहे का, हे पाहण्यासाठी मी खडूची पूड वापरली. दहनकक्ष घासून स्वच्छ केले, दोन सीटांमधल्या पट्टीवर डिझेल लावून काही वेळ मुरू दिले, मग कोरड्या फडक्याने पुसून घेतले आणि वर शाळेतल्या पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड भुरभुरली. तडा असेल तर त्यात मुरलेले डिझेल पुडीत उमटून बारीक ओली रेघ दिसते. पहिल्या दोन कक्षांत काहीच उमटले नाही. तिसऱ्यात सीटच्या कडेला एक ठिपका ओला झाला आणि माझा जीव खालीवर झाला. पुसून पुन्हा केले तेव्हा तो ठिपका काजळीखाली राहिलेल्या डिझेलचा होता असे दिसले. तरीही मशीन शॉपमध्ये दाबाने तपासून घ्यायचे ठरवले, कारण घरची ही परीक्षा बाहेरून दिसणाऱ्या तड्यापुरतीच आहे; पाण्याच्या वाटेतला तडा तिला सापडत नाही.

त्यानंतर सपाटी. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवणाऱ्या स्नेह्याकडून खात्रीची स्टीलची सरळ पट्टी आणली. साधी फूटपट्टी इथे चालत नाही. हेडचे तोंड पूर्ण स्वच्छ करून पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवून खाली फिलर गेजची पाती घालून पाहिली. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. तिरक्या दिशेने, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, ०.१० ची पाती सहज गेली, ०.१५ ची अडली. म्हणजे फेसिंग, मशीनवर हेडचे तोंड कापून सपाट करणे, अटळ होते. ब्लॉकचे तोंडही याच पद्धतीने तपासले. ते सरळ निघाले.

काचेवर एमरी पेपर चिकटवून हेड त्यावर घासून सपाट करण्याची पद्धत काही जण सांगतात. मला ती पसंत नाही. हाताचा जोर कडेला जास्त पडतो, तोंड गोलसर होते आणि किती धातू गेला याचा हिशेब राहत नाही. शिवाय हेड जितके कमी होईल तितके कॉम्प्रेशन वाढते आणि कॅम क्रँकच्या जवळ येतो, त्यामुळे पट्ट्याचा वेळही किंचित बदलतो. म्हणून हेड गोणपाटात बांधले आणि अमळनेरहून रेल्वेने जळगावला नेले. मशीन शॉपमधल्या मिस्त्रींना एवढीच विनंती केली की वाक जाण्यापुरतेच घ्या, एक कात, म्हणजे कापण्याचा एक फेरा, जास्त नको. त्यांनी पहिली हलकी कात मारून थांबवले आणि मला बोलावून दाखवले. तोंडाच्या दोन्ही टोकांना चकाकी आली होती, मध्ये मात्र जुना राखाडी पट्टा तसाच होता. डोळ्यांनी दिसलेला तो वाक मला फिलर गेजच्या आकड्यापेक्षाही अधिक समजला. तिथेच हेड गरम पाण्यात बुडवून दाबाची हवा सोडून पाहिली, तडा नव्हता. तिन्ही एक्झॉस्ट सीटा ४५ अंशांत कापून घेतल्या आणि वरची कड १५ अंशांच्या कटरने उतरवून टेकण्याची पट्टी अरुंद केली. ही पट्टी दीड मिलिमीटरच्या आत असावी. ती फार रुंद झाली तर दाब पसरतो आणि मध्ये काजळी अडकते. फार अरुंद झाली तर उष्णता जायला जागा उरत नाही.

एक्झॉस्टचे तिन्ही व्हॉल्व्ह नवे घेतले. एकच जळला असला तरी उरलेले दोन त्याच उष्णतेतून गेलेले होते आणि त्यांची किंमत पुन्हा हेड उघडण्याच्या कष्टापुढे काहीच नाही. इनटेकचे जुने व्हॉल्व्ह साफ करून ठेवले. त्यांची कड पुरेशी जाड होती आणि दांडे सरळ होते.

लॅपिंग म्हणजेच ज्याला गॅरेजमध्ये ‘वॉल घासणे’ म्हणतात, ते काम मी घरी केले आणि या सगळ्यात माझा जीव रमला तो याच कामात. व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर कार्बोरंडमच्या पेस्टचे चार-पाच ठिपके द्यायचे, दांड्याला ऑइलचे बोट लावायचे, पेस्टचा कणही गाईडमध्ये जाऊ द्यायचा नाही. मग रबरी वाटी लावलेली काठी माथ्याला चिकटवून ती दोन्ही तळहातांत धरायची आणि ताक घुसळताना रवी फिरते तशी मागे-पुढे फिरवायची. काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून, थोडा वळवून पुन्हा टेकवायचा, म्हणजे पेस्ट सारखी पसरते आणि एकाच जागी चर पडत नाहीत. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो. पेस्टचे कण बारीक होत जातात तसा तो मऊ होत जातो. आवाज मऊ झाला की पेस्ट पुसून पाहायचे. कडेवर चहूबाजूंनी सारख्या रुंदीचे, कुठेही न तुटलेले राखाडी वलय दिसले पाहिजे. नव्या कापलेल्या सीटांना जाड पेस्टची गरज पडली नाही, बारीकवरच काम झाले. इनटेकच्या जुन्या सीटांना मात्र आधी जाड आणि मग बारीक अशा दोन्ही लावाव्या लागल्या. वलय पूर्ण झाल्यावर थांबावे. चकचकीत दिसावे म्हणून घासतच राहिले तर व्हॉल्व्ह सीटमध्ये उगाच खोल बसतो.

वलयावर मी पेन्सिलीची परीक्षाही केली. कडेवर थोड्या थोड्या अंतराने आडव्या रेघा ओढल्या, व्हॉल्व्ह कोरडाच सीटमध्ये ठेवून पाव फेरा दिला आणि बाहेर काढला. प्रत्येक रेघ मधोमध पुसली गेली पाहिजे. दुसऱ्या इनटेकच्या दोन रेघा जशाच्या तशा राहिल्या, म्हणून तो पुन्हा घासला. मग सगळे हेड रॉकेलने आणि नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवून घेतले. पेस्टचा एक कणही मागे राहिला तर तो गाईड, कॅम आणि शेवटी बेअरिंगपर्यंत पोहोचतो. धुण्यासाठी कॉस्टिक सोडा मात्र कधीही वापरू नये. तो अ‍ॅल्युमिनियमच खाऊन टाकतो.

नवी ऑइल सील बसवून स्प्रिंगा चढवल्या. कॉटर बसवताना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा थेंब घेतला की तो अर्धचंद्राकृती तुकडा त्याला चिकटून राहतो आणि दांड्याच्या खाचेत अलगद ठेवता येतो. ग्रीसमुळे दुसरा तुकडा येईपर्यंत पहिला तिथेच थांबतो. क्लॅम्प सोडल्यावर दांड्याच्या टोकावर लाकडी हातोड्याने एक ठोका मारून कॉटर पक्के बसल्याची खात्री केली. त्यानंतर स्पार्क प्लग लावून हेड उलटे ठेवले, तिन्ही दहनकक्षांत डिझेल ओतले आणि जेवून येईपर्यंत तसेच राहू दिले. पोर्टमध्ये बोट घालून पाहिले, तर सगळे कोरडे होते.

हेड तयार झाले तरी रेडिएटरकडे पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडून बंद करणे मला मान्य नव्हते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर घेऊन मी आमच्याकडे ज्यांना सगळे आप्पा म्हणतात त्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी वरची टाकी झाळण सोडवून उघडली आणि नळ्यांची तोंडे दाखवत म्हणाले, “भाऊ, आपलं पानी खारं से, रेडिएटरमा जमी जास.” जवळजवळ तिसरा हिस्सा नळ्या बंद होत्या. त्यांनी प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून त्या मोकळ्या केल्या आणि टाकी पुन्हा झाळून दिली. हेड आणि ब्लॉकमधल्या वाटांसाठी मी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व वापरले. हेडचे पॅसेज तारेने आणि लाकडी काडीने टोकरून, मग लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्यात ठेवून मोकळे केले. हे काम हेड जळगावला नेण्यापूर्वीच उरकले होते. या सौम्य आम्लाने क्षार फेसाळत सुटतो, पण तेही धातूवर फार वेळ राहू देऊ नये आणि नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. तिच्या घरात डोकावलो, तर थर्मोस्टॅट नव्हताच. कुणीतरी आधीच तो काढून टाकला होता. उन्हाळ्यात गाडी तापते तेव्हा ‘हा काढला की पाणी मोकळे फिरेल’ असे सांगून तो काढण्याची रीत आमच्याकडे सर्रास आहे. दुखणे रेडिएटरच्या बुजलेल्या नळ्यांत असताना थर्मोस्टॅट काढल्याने ते झाकले जाते आणि थंडीच्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, त्यात पेट्रोल जास्त जळते आणि सिलिंडर झिजतात. मी नवा आणला, पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून तापवला आणि थर्मामीटर धरून बसलो. त्याच्यावर ८२ चा आकडा कोरलेला होता आणि त्याच्या आसपास तो उघडू लागला, तेव्हाच बसवला.

हेड चढवताना ब्लॉकमधली बोल्टची भोके फडक्याने आणि हवेने पूर्ण कोरडी केली. भोकात पाणी किंवा ऑइल राहिले तर बोल्ट आवळताना ते दबून ब्लॉकलाच तडा देऊ शकते, शिवाय बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यावरचा आकडा खोटा येतो. पॅकिंग कोरडेच ठेवले, त्याला कसलाही लेप लावला नाही. बोल्ट मधल्यापासून सुरू करून कडेकडे जात, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश आणि मग पूर्ण, असे तीन टप्प्यांत आवळले. हे काम नुसत्या हाताच्या अंदाजाने करणारे जुने मिस्त्री आहेत आणि त्यांचा अंदाज बहुधा बरोबर असतो. पण ज्याने शेकडो हेडे आवळलेली नाहीत त्याने टॉर्क पाना उसना तरी आणावाच. पट्टा नवा घातला, खुणा जुळवल्या, आणि चावीला हात न लावता क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तिथेच येतात की नाही ते पाहिले. टॅपेट थंड इंजिनावर मॅन्युअलप्रमाणे लावले. पाती रॉकरखालून ओढताना हाताला किंचित अडखळ जाणवली पाहिजे. तेवढेच अंतर बरोबर.

रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट समप्रमाणात मिसळून भरले, झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहिलो. थर्मोस्टॅट उघडल्यावर वरचा पाइप गरम झाला, थोड्या वेळाने पंखा लागला, काटा मध्यावर थांबला. झाकण नवे घेतले होते. जुन्या झाकणाची स्प्रिंग सैल झालेली असली तर यंत्रणेत दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळू लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गाडी पारोळा, एरंडोल अशी भर दुपारी चालवून आणल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन मोजले. आकडे साडेबारा, बारा आणि बारा आले. काही आठवड्यांनी रॉकर कव्हर उघडून टॅपेट पुन्हा पाहिले, कारण नव्या व्हॉल्व्ह-सीटा सुरुवातीला थोड्या बसतात. तिसऱ्या एक्झॉस्टचे अंतर किंचित कमी झाले होते, ते दुरुस्त केले. पाण्याची पातळी खुणेवर स्थिर आहे. पहिल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट गाईडमध्ये थोडी ढिलाई आहे असे मशीन शॉपमधल्या मिस्त्रींनी सांगितले होते. ती मर्यादेच्या आत असल्याने या वेळी गाईड बदलला नाही. सकाळी चालू करताना निळसर धुराची झुळूक दिसू लागली, तर तो बदलायचा आहे. तोपर्यंत दर सर्व्हिसिंगला टॅपेट मोजून वहीत आकडे लिहून ठेवतो.